जवायाची गाडी

सोयाबीन सोंगायला आलं की आमच्याकडे जुन्या मोटारसायकली रस्त्यावर येतात. शेतातला माल घरात येण्याआधी घरातली गाडी बाहेर पडते, कारण दसऱ्याला नवी आणायची असते. वाशीमच्या रस्त्यांच्या कडेला, मेडशीच्या बसथांब्यापाशी, आमच्या अनसिंगच्या बाजाराच्या तोंडाशी त्या रांगेनं उभ्या राहतात. टायरला काळं पॉलिश, सीटला नवं कव्हर, टाकीवर झेंडूचा हार. पाहुण्यांपुढे पोरगी बसवतात ना, तशाच. मागून मळणी यंत्राचा घरघराट येत असतो, हवेत शेंगांच्या भुशाचं कुटार उडत असतं, ते मानेच्या घामाला चिकटतं, खाजतं, आणि मला राग यायला लागतो. हिला कारण नसताना राग येतो, असं घरचे म्हणतात. कारण आहे. मी ते दरवर्षी सांगत बसत नाही, एवढंच.

यंदाही एक पोरगी आलीच. मी वाशीमला कॉलेजात शिकवते, आणि जुनी गाडी घ्यायची तर मॅडमला विचारा, हे पोरांना का कोण जाणे ठाऊक झालेलं आहे. ही मेडशीकडची, वैष्णवी. म्हणाली, "मॅडम, बाबा माह्यासाठी गाडी पाहून राह्यले. बसचा काई भरवसा नाई, रोजचा पहिला तास जाते. आन् दिवाळीत आमाले मैत्रिणीमैत्रिणीले लोणारले जायचं हाय. कोनती घेऊ?"

कोणती ते नंतर, म्हटलं. आधी न कळवता जा. कळवून गेलीस तर तो इंजिन गरम करून ठेवील. थंडीत न उठणारी गाडी गरम असली की शहाण्यासारखी वागते. गेल्या गेल्या इंजिनाला हात लाव, गरम लागलं तर तिथूनच परत फीर. मग पाय ठेवायच्या दांड्यांची टोकं पाहा, ब्रेकच्या लिव्हरचं टोक पाहा. घासलेलं असेल तर गाडी पडलेली आहे, मालक कितीही देवाची शपथ घेवो. रस्त्यावर पाणी टाकून त्यावरून सरळ चालव आणि मागचे ओले पट्टे पाहा. दोन चाकांचा एकच पट्टा उमटला तर बरं, दोन उमटले तर सांगाडा वाकडा आहे. पोरगी डोळे मोठे करून ऐकत होती. "मॅडम, तुमी हे कुठी शिकल्या?" तिनं विचारलं, आणि मी तिला तासाला पिटाळलं.

मी हे ताईच्या मारापायी शिकले. मी तेव्हा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते.

ताईचं लग्न त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात झालं, मानोऱ्याकडच्या एका गावात. सुपारीच्या बैठकीत मुलाकडच्या एका म्हाताऱ्यानं नुसतं म्हटलं, "पोराले गाडी." आमच्याकडचे सगळे माना डोलवत राहिले. आमच्या भागात अशीच रीत आहे. नवी की जुनी ते कोणी बोलत नाही, बोललं तर मागितल्यासारखं दिसतं आणि विचारलं तर नडल्यासारखं. बाबांचं अनसिंगला किराण्याचं दुकान. आयुष्यभर गिऱ्हाईक जे बोललं तेवढंच तोलून देणारा माणूस. त्यांनी मेडशीच्या ओळखीच्या एकाकडून जुनी गाडी घेतली, धुऊन पुसून, हार घालून मांडवात उभी केली. जवायानं तिच्याभोवती एक चक्कर मारली, टाकीवर बोट फिरवलं आणि कोणाशी काही न बोलता जेवायला बसला. आम्हाला वाटलं, आवडली.

जवायाला फिरायचा षोक. चार दोस्त, चार गाड्या, चिखलदऱ्याला जायचं, घाटात गॉगल लावून फोटो काढायचे. पावसाळ्यात ती मेडशीची गाडी पातूरच्या घाटात बंद पडली, दोस्तांच्या देखत. तिला टेम्पोत टाकून घरी आणावी लागली. टेम्पोतून उतरला तो सरळ स्वयंपाकघरात गेला आणि ताईला चुलीपुढून केसाला धरून उठवलं. पुढे पावसाळाभर तेच. सकाळी किक मारायची, गाडी उठायची नाही, पुन्हा मारायची, आणि मग तोच पाय ताईच्या कमरेत. ताई आत भाकरी थापता थापता किका मोजायची. पहिलीला उठली तर दिवस बरा. हे तिनं पोळ्याला माहेरी आली तेव्हा सांगितलं, पाठ फिरवून, आईला पाठ दाखवत. पाठीवर चपलेच्या नक्षीचा निळा वळ होता. मी दारात उभी होते. मी तो वळ पाहिला आणि माझ्या हातातला पितळी गडवा मी भिंतीवर असा आपटला की तो चेपला. आईनं मलाच रागावलं, शेजारी ऐकतील म्हणून.

आणि मग आमच्या घरची बैठक झाली. बाबा, आई, मालेगावचा मामा आणि मी. तिच्यात काय ठरलं असेल? ताईला ठेवून घ्यायचं? नाही. गाडी बदलून द्यायची. आजही ते आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. चार माणसं, चौघांना डोकी आहेत, त्यातलं एक कॉलेजात जातं, आणि चौघांचंही एकमत की दोष गाडीचा आहे. मामा म्हणाला, "मानूस वाईट नाई तो. गाडीनं डोस्कं खाल्लं त्याचं. गाडी चांगली भेटली का होते समदं बराबर." बाबांनी मान हलवली. ताई सुपात ज्वारी पाखडत होती, तिला कोणी विचारलंच नाही.

मग मी म्हटलं, गाडी मी निवडीन. तुम्ही एक निवडलीत, तिनं काय केलं ते दिसलं. आता जी येईल ती पहिल्या किकला उठली पाहिजे, थंडीत, पावसात, कधीही. मामाला हसू आलं. पण त्याच्या गाडीवर मागे बसून मी गावोगाव फिरले, आणि पुढे बसून चालवायलाही शिकले. कॉलेजच्या बाहेरच्या गॅरेजात तासन्‌तास उभी राहिले. इंजिन उघडलं की काळं तेल कसं वाहतं, पाणी गेलं की तेच तेल चहासारखं कसं होतं, निळा धूर म्हणजे काय, सगळं पाहून घेतलं. परीक्षेसाठी मी कधी एवढा अभ्यास केला नाही.

त्या हंगामात मी जेवढ्या शिव्या ऐकल्या आणि दिल्या तेवढ्या पुढे कधी नाही. एका गाववाल्यानं गाडी थंड आहे म्हणून सांगितलं, मी सायलेन्सरला बोट लावलं तर चटका बसला. मी म्हटलं, ही काय उन्हानं तापली का, सावलीत तर उभी आहे. तो मामाला म्हणाला, "पोट्टीले घरी ठेवत जा ना, गाड्या पाह्यले कायले आनता?" मी मधेच बोलले तर त्यानं मला हाताला धरून बाजूला ढकललं. मी पडले ते गाडीवरच, कोपर फुटलं. मामा एरवी गरीब माणूस, पण त्यानं त्याची गचांडी धरली आणि दोघं मळणीच्या कुटारात लोळले. लोकांनी सोडवेपर्यंत मामाचा एक दात हलला होता आणि त्या माणसाच्या नाकातून रक्त येत होतं. परत येताना मामा रुमाल तोंडाला लावून गाडी चालवत होता. म्हणाला, "सायलेन्सर खराच गरम होता का व?" हो म्हटलं. "मंग ठीक हाय," म्हणाला.

गाडी शेवटी मंगरूळपीरला मिळाली. मुनीरचाचा म्हणून एक म्हातारे, कापडाचे व्यापारी, गुडघे गेले म्हणून गाडी काढत होते. घराच्या आत, पंख्याखाली उभी होती ती. मी इंजिनाला हात लावला तर माठासारखं गार. पहिल्या किकला उठली, आणि आवाज असा की समोरचं माणूस हळू बोललं तरी ऐकू यावं. मी पाणी ओतलं, चालवून पाहिली, पट्टा एकच. दांड्यांची टोकं कोरी. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं, कारण त्या गाडीत मला ताईची पाठ वाचलेली दिसत होती.

चाचा मात्र विकायला तयार होईनात. खाटेवर बसून त्यांनी मामाला विचारलं, "किसके वास्ते ले रहे?"

"जवाई के लिए, चाचा."

"चलानेवाला कैसा है? हात का सख्त तो नै?"

मामा गाडीचा आरसा पुसायला लागला. चाचा सांगत राहिले, "देखो, मैंने इसको कभी झटका नै दिया. किलच आहिस्ता छोडना पडता. सख्त हात में ये गाडी नै दूँगा मैं, घर में पडी रहेगी तो चलेगा."

मामा म्हणाला, "नै नै चाचा, एकदम सीधा आदमी है."

मी मामाकडे पाहिलं. मामानं माझ्याकडे पाहिलं नाही. ताईच्या लग्नाच्या वेळी आम्ही मुलाकडे गेलो होतो, विहीर पाहिली होती, विहिरीचं पाणी पाहिलं होतं, घराचा स्लॅब आतून गळतो का तेही मामानं मान वर करून पाहिलं होतं. हाताचा कसा आहे, हे आमच्यातल्या एकानंही विचारलं नव्हतं. एक कापडवाला म्हातारा आपल्या जुन्या गाडीसाठी ते विचारत होता. त्यांनी किल्ली दिली तेव्हा गाडीला हात लावून काहीतरी पुटपुटले, बहुतेक दुवा दिली असेल.

ताई पोळा करून सासरी गेली होतीच, तिच्यामागून गाडी मानोऱ्याला पोचली. जवाई खूश झाला, असं त्याच्या आईनं फोनवर सांगितलं. बाबा दर दोन-चार दिवसांनी ताईला फोन करायचे. पोरीला थेट काय विचारायचं ते त्यांना कधी जमलं नाही. ते विचारायचे, "गाडी कशी हाय?" ताई म्हणायची, "गाडी चांगली हाय, बाबा." बाबा फोन ठेवायचे आणि आईला सांगायचे, चांगली आहे. मग दोघं शांतपणे जेवायची. मला मात्र त्या वाक्यातला 'गाडी' हा शब्द टोचत राहायचा. ती स्वतःबद्दल काहीच बोलत नव्हती.

दिवाळी आठ-पंधरा दिवसांवर आली असेल. मी कॉलेजला जाते म्हणून निघाले आणि मानोऱ्याची बस धरली. ताईच्या घरापुढे पोचले तर ओसरीत गाडी उभी, वरून जुन्या धोतराचं आच्छादन, चाकांना चिखलाचा एक ठिपका नाही. ताई आत होती. तिचं डावं मनगट फडक्यानं बांधलेलं, फुगून पायलीच्या बुडासारखं झालेलं, आणि त्याच हातानं ती कणीक मळत होती. ओठ फाटलेला. मी पहिला प्रश्न काय विचारला असेल? मी विचारलं, "गाडी बंद पडली का?"

ताई म्हणाली, "नाई. येका किकमध्ये उठते. लय चांगली गाडी पाह्यली तुनं." मग कणकेकडे बघत म्हणाली, "पह्यले कारन तरी सांगे, आता कारनबी सांगत नाई."

जवाई मागच्या अंगणात दोस्तांशी बोलत होता, हसत होता. मी खुंटीवरची किल्ली काढली. ताईला म्हटलं, चल. ती म्हणाली, कणीक मळायची राहिली आहे. मी परात उचलून बाहेर फेकली. तिचा आवाज झाला आणि तो धावत आला. तोवर मी गाडी रस्त्यावर काढली होती, ताई मागे बसत होती. त्यानं तिची वेणी धरली. "उतर. उतर म्हनतो ना, उतर." मी किक मारली. मी क्लच आहिस्ता सोडला नाही, चाचांनी मला माफ करावं. गाडी उसळली, ताई किंचाळली, आणि आम्ही निघालो तेव्हा त्याच्या मुठीत केसांचा पुंजका राहिला होता. मी मागे वळून पाहिलं, तो त्या पुंजक्याकडे बघत उभा होता. मग त्यानं तो फेकला आणि दोस्ताच्या गाडीकडे पळाला.

मंगरूळपीरच्या अलीकडे त्यानं आम्हाला गाठलं. तुम्हाला आमचे रस्ते ठाऊक असतील तर हेही ठाऊक असेल की त्या दिवसांत अर्धा रस्ता सोयाबीनचा असतो. डांबर तापतं म्हणून लोक दाणे रस्त्यावरच वाळत घालतात, कडेला दगड लावून ठेवतात, आणि गाड्यांनी उरलेल्या अर्ध्यातून जायचं असतं. सरकारचा रस्ता असला तरी हा नियम आमच्याकडे कोणी मोडत नाही. कारण ते दाणे गोल असतात, वाळलेले असतात, आणि चाक त्यांच्यावर गेलं की संपलं. मी दगडांपासून अंतर ठेवून जपून चालवत होते. तो त्या अंतरात घुसून आमच्या बरोबरीला आला, एक हात सोडून त्यानं ताईच्या दंडाला धरायला झेप घेतली आणि दगड ओलांडून सोयाबीनवर गेला. मी आवाज ऐकला. पत्रा घासत गेल्याचा लांबच लांब आवाज, आणि मग माणसाचा.

आरशात दिसलं ते अजून दिसतं. तो दाण्यांत पालथा पडलेला, उठू पाहतो आहे, पुन्हा घसरतो आहे. शेताच्या बांधावरून माणसं धावत आली. मदतीला येत असतील असं वाटलं. त्यांच्या हातात काठ्या होत्या. त्यांचं वर्षाचं पीक तेलात आणि रक्तात माखलं होतं, ती माणसं कशाला मदत करतील. पहिली काठी एका बाईनं मारली. ताई म्हणाली, "थांब." मी थांबले नाही. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू, पोट भरून जेवल्यासारखा आनंद झाला होता. ताई मागे माझ्या पाठीवर डोकं टेकून होती आणि तिच्या फाटक्या ओठाचं रक्त माझ्या ओढणीला लागत होतं.

वैष्णवी काल पुन्हा आली होती. गाडी घेतली, म्हणाली, पट्टा एकच पडला. मी बाहेर जाऊन चालवून पाहिली. चांगली आहे. या पोरी आता लोणारला जातील, विवराच्या काठावर उभ्या राहून फोटो काढतील, येताना धाब्यावर जेवतील. मीही पुढे जुनीच गाडी घेतली आणि एकटी पार चिखलदऱ्यापर्यंत जाऊन आले. घाटात थंडगार वारा तोंडावर येत होता आणि मी त्या जवायाला मोठमोठ्यानं शिव्या देत होते. रस्ता रिकामा होता, चालून गेलं.

जवायाची माणसं आली ती ताई घरी आल्यावर काही दिवसांनी, भर दुपारी, पिकअप घेऊन. जवाई, त्याचा बाप, दोन काके. जवायाच्या खांद्याला पट्टा, गालाची साल निघालेली. आईनं ताईची पिशवी भरायला घेतली होती, कारण आईला वाटलं, घ्यायला आले. ताई भिंतीला चिकटून उभी होती. मी दारात आडवी बसले होते, नेतील तर माझ्यावरून नेतील म्हणून. सासऱ्यानं चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि बाबांना म्हणाला, "आमची गाडी द्या. बाकी आमाले काई बोलाचं नाई."

बाबांना कळलंच नाही. "आन् पोरगी?" त्यांनी विचारलं.

"ते राहू द्या तुमच्यापाशी. गाडी पोराच्या नावची हाय."

बाबा उठले. मला वाटलं, आता बाबा काहीतरी बोलतील. बाबांनी खुंटीवरची किल्ली काढली आणि दोन्ही हातांनी पुढे केली. तोललं, दिलं. इतक्यात ताई माझ्यावरून पाय टाकून अंगणात गेली. तिच्या उजव्या हातात तूर कुटायचं मुसळ होतं. माझी ताई, जिनं घरात कधी भांडं आपटलं नाही. तिनं पहिला घाव दिव्यावर घातला. मग टाकीवर. मग मीटरवर, आरशांवर, पुन्हा टाकीवर. पेट्रोलचा वास सुटला. एक काका पुढे झाला तर तिनं मुसळ त्याच्याकडे वळवलं, तो मागे सरला. बांधलेल्या हातानंही मारत होती, प्रत्येक घावाला तोंडातून हुंकार निघत होता, बाकी शब्द नाही. गाडी आडवी पडली तरी थांबली नाही. जवाई ओरडला, "बाबा, आवरा ना तिले, गाडीले लागून राह्यलं." मी ओट्यावर उभी राहून पाहत होते. मी निवडलेली, अख्ख्या जिल्ह्यात शोधून काढलेली गाडी माझ्या डोळ्यांपुढे फुटत होती आणि मी मनात म्हणत होते, आणखी, ताई, आणखी.

तिचे हात आपोआप खाली आले. मग त्या चौघांनी गाडी उचलली. पिकअपमध्ये आधी पोतं अंथरलं, त्यावर जुनी सतरंजी, मग हळूच तिला आडवी ठेवली. सासरा सांगत होता, "हळू, हळू, घासू देऊ नका." जवाई मागे तिच्यापाशी बसला. एका हातानं त्यानं चेपलेली टाकी धरून ठेवली, रस्त्यानं हादरे बसू नयेत म्हणून. पिकअप वळेपर्यंत तो तिच्याकडेच बघत होता. ताईकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही.

मी धावत जाऊन ताईला मिठी मारली. बरं केलंस म्हटलं, लय बरं केलंस. ती माझ्या खांद्यावरून मातीत सांडलेल्या पेट्रोलकडे आणि काचांकडे बघत होती. मग ती रडायला लागली, लग्नानंतर पहिल्यांदा तोंड उघडून.

"तिनं काय केलं होतं व माय," ताई म्हणाली. "येका किकमध्ये उठे बिचारी. त्यानं म्हटलं का उठे. तरी मार तिनंच खाल्ला."